उदगीरला एमआरआय बसवायचंय: कायमचं चुंबक घ्यावं की हेलियमचं?

उदगीरकर | सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात एमआरआय बसवायचं ठरलंय. आज उदगीर, देवणी, जळकोट भागातला पेशंट लातूरला नाहीतर बिदरला पाठवावा लागतो. मणक्याचं दुखणं घेऊन माणूस त्या रस्त्यानं जातो तेव्हा त्याचे काय हाल होतात ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

खरेदी समितीवर मी एकटाच बिगरडॉक्टर. धंदा इलेक्ट्रिकल ठेकेदारीचा, त्यामुळे साइट तयार करायची जबाबदारीही माझ्याकडेच. दोन कोटेशनं आलीत. एक ०.३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) नवं मशीन: दोन्ही बाजूंनी उघडं, निओडिमियमचं कायमचं चुंबक, हेलियमची भानगड नाही. दुसरं १.५ टेस्लाचं, रीफर्बिश्ड म्हणजे वापरलेलं पण दुरुस्त करून दिलेलं, सुपरकंडक्टिंग म्हणजे अतिथंड तारेतल्या करंटवर चालणारं चुंबक, पोटात दीड हजार लिटर द्रव हेलियम.

माझं मन पहिल्याकडे. आपल्याकडची वीज, मे महिन्यातलं ऊन आणि पाण्याची बोंब बघता जितकं साधं तितकं चांगलं. समितीतले डॉक्टर दुसऱ्यावर अडून बसलेत. मला चुंबकाच्या अंगानं कुणीतरी नीट समजावून सांगा. सेल्सवाल्यांचं ऐकून झालंय.

गोदाकाठ_रेडिओलॉजी | सोमवार, रात्री १०:०५

नांदेडला रेडिओलॉजिस्ट आहे. दोन्ही प्रकारच्या मशीनवर काम केलंय, म्हणून लिहिते.

दादा, चुंबकाची ताकद म्हणजे नुसता आकडा नव्हे. शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन जो सिग्नल देतो त्याचं गोंगाटाशी असलेलं प्रमाण ढोबळमानानं चुंबकाच्या ताकदीबरोबर वाढतं. १.५ च्या जागी ०.३ म्हणजे पाचपट कमी. ती कसर पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढून भरायची तर वेळ पाचपट नव्हे, पंचवीसपट लागतो. तितका वेळ कुठला पेशंट हलल्याशिवाय पडून राहील? मग आपण प्रतिमेचे जाड काप घेतो, आणि बारीक गोष्टी हुकतात.

दुसरं म्हणजे चरबी. चरबी आणि पाणी यांच्या सिग्नलमध्ये ३.५ पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत साडेतीन भागांचा, फरक असतो. १.५ टेस्लावर तो साधारण २२० हर्ट्झ होतो, ०.३ वर जेमतेम ४५. इतक्या जवळच्या दोन सिग्नलांतून एकट्या चरबीचा सिग्नल वेगळा दाबता येत नाही, वेगळ्या पद्धतीनं काम भागवावं लागतं. मणक्यातला क्षय शोधताना हे मला दर आठवड्याला जाणवायचं.

आणि पॅरालिसिसचा झटका आला की आधी सीटी. एमआरआय आलं म्हणून तो क्रम बदलू नका.

किनवटचा_माणूस | सोमवार, रात्री १०:४०

मॅडम, तुमचं खरं आहे, पण आमच्याकडं तर काहीच नाही हो. जाड काप का असेना, मिळाला तर पाहिजे. आणि एक सांगतो, माझ्या वडलांना त्या बोगद्यात घातलं तर ते घाबरून ओरडायला लागले, तपासणी सोडून परत आलो. उघड्या मशीनमध्ये शांत पडून राहिले. त्यांचा रिपोर्ट त्या ०.३ च्या मशीननंच दिला.

गोदाकाठ_रेडिओलॉजी | सोमवार, रात्री १०:५२

@किनवटचा_माणूस, हे मान्य. पाठीत स्टीलचे रॉड बसवलेल्या पेशंटचीही प्रतिमा कमी टेस्लावर कमी विद्रूप होते. उघड्या मशीनला जागा आहेच. प्रश्न इतकाच की चाळीस-पन्नास किलोमीटरच्या टापूत एकच मशीन येणार असेल तर ते कोणतं असावं.

शेंद्रा_मॅग्नेट | मंगळवार, सकाळी ७:३०

मी संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत मोटारींसाठी लागणारी चुंबकं बसवण्याच्या कामात आहे, त्यामुळे निओडिमियमशी रोजचा संबंध. उदगीरकरांनी उन्हाचं कारण देऊन कायमचं चुंबक निवडलंय. मला वाटतं ऊन हेच त्याच्या विरोधातलं सगळ्यात मोठं कारण आहे.

निओडिमियम-लोह-बोरॉन हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सुमितोमोच्या सागावांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या लोकांनी जवळपास एकाच वेळी शोधलं. ताकदीत त्याच्या तोडीचं कायमचं चुंबक आजही बाजारात नाही. पण तापमान एक अंश वाढलं की त्याचं क्षेत्र साधारण ०.११ टक्क्यांनी उतरतं. मोटरला त्याचं काही वाटत नाही. एमआरआयला वाटतं. ०.११ टक्के म्हणजे अकराशे पीपीएम, आणि प्रतिमेसाठी क्षेत्राचा एकसारखेपणा काही पीपीएममध्ये हवा असतो. म्हणून त्या चुंबकाला हीटर आणि सेन्सर लावून खोलीपेक्षा थोड्या वरच्या ठरावीक तापमानाला धरून ठेवतात.

आता गोम बघा. हीटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. मे महिन्यात एसी बंद पडला, खोली ३८ वर गेली, की हीटर बंद होऊन बसतो आणि चुंबक आपल्या मर्जीनं तापत जातं. दहा-बारा टन लोखंड आणि चुंबक एकदा तापलं की एसी सुरू झाल्यावर लगेच मूळपदावर येत नाही. कित्येक तास जातात, कधी अख्खा दिवस. तोवर मशीन उभंच.

समेरियम-कोबाल्ट घेतलं तर ही घसरण तिपटीनं कमी, पण ते महाग आणि ताकदही कमी. स्पीकरमधलं काळं फेराइट स्वस्त, पण उष्णतेला त्याहून हळवं, अंशाला ०.२ टक्के.

जालना_पोलाद | मंगळवार, सकाळी ८:१५

बारा टन! आमच्या भट्टीचा एक घाणा उतरतो तितकं वजन एका खोलीत? स्लॅबवर ठेवणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला भेटा. आणि आमच्या जालन्याची सळई वापरा, मशीन हलायचं नाही 😀

शेंद्रा_मॅग्नेट | मंगळवार, सकाळी ८:३३

@जालना_पोलाद, सळईचं नाव काढलंत ते बरं झालं. एमआरआयच्या खाली सळई जितकी कमी तितकी बरी. प्रत्येक चौरस मीटरला किती लोखंड चालेल याची मर्यादा कंपनी लिहून देते. जमिनीतलं लोखंड स्वतः चुंबकित होतं आणि क्षेत्र एका बाजूला ओढतं. बसवताना चुंबकाच्या आत पोलादाच्या छोट्या पट्ट्या लावून ते सरळ करतात, त्याला शिमिंग म्हणतात, पण त्यालाही मर्यादा असते. शेजारून जाणारा उसाचा ट्रक, लिफ्ट, पार्किंग, सगळं मोजावं लागतं. उसाचा हंगाम सुरू झाला की तुमच्या रस्त्यावरून ट्रक किती जातात ते बघा, आणि साइट मोजणी त्याच काळात करा.

तळमजलाच घ्या. किल्लारीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

क्रायो_सर्व्हिस | मंगळवार, दुपारी २:२०

संभाजीनगरहून मराठवाडाभर एमआरआयची सर्व्हिस करत फिरतो. उदगीरकर साहेब, वीज गेली की हेलियमचं चुंबक बंद पडतं असा सगळ्यांचा समज असतो, तो आधी दूर करू.

त्या चुंबकाची तार नायोबियम-टायटेनियमची असते, तांब्याच्या गाभ्यात बसवलेली. साधारण उणे २६४ अंशांखाली तिचा रोध शून्य होतो. द्रव हेलियम उणे २६९ ला असतं, म्हणून ती त्यात बुडवतात. बसवताना पॉवर सप्लायनं हळूहळू करंट चढवायचा, दोन्ही टोकं आतल्या आत सुपरकंडक्टिंग स्विचनं जोडायची, आणि पॉवर सप्लाय गाडीत टाकून निघून यायचं. तो करंट वर्षानुवर्षं फिरत राहतो. गावातली लाईट गेली, मशीनचं स्क्रीन काळं झालं, तरी चुंबक चालूच.

याचाच धोकाही आहे. २०१८ साली मुंबईत एका रुग्णालयात नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि चुंबकानं सिलिंडरसकट त्याला खेचलं. जीव गेला. उदगीरला जे मशीन येईल ते येवो, दारावर चोवीस तास माणूस आणि मेटल डिटेक्टर असलाच पाहिजे. रात्री झाडायला येणाऱ्या मावशींना आणि वॉर्डबॉयला आधी शिकवा, डॉक्टरांना नंतर.

वीज लागते ती गारव्यासाठी. चुंबकाच्या डोक्यावर कोल्डहेड असतं, तेच ते रात्रंदिवस ‘चुक-चुक’ आवाज करणारं. उकळलेल्या हेलियमची वाफ ते पुन्हा द्रव करतं. त्याच्या पोटात होल्मियम-तांबं किंवा अर्बियम-निकेलच्या बारीक गोळ्या भरलेल्या असतात. पूर्वी शिसं वापरायचे, पण दहा केल्विनखाली (उणे २६३ अंशांखाली) शिशाची उष्णता धरून ठेवायची ताकदच संपते. या धातूंची चुंबकीय रचना नेमकी त्या तापमानाला बदलते आणि ती उष्णता शोषते. म्हणजे हेलियमच्या चुंबकालाही दुर्मीळ मृदा धातू चुकत नाहीत.

उदगीरकर | मंगळवार, रात्री ८:४५

सगळ्यांचे आभार. @क्रायो_सर्व्हिस, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मग कोल्डहेडला वीज किती? आणि मशीन गार ठेवणाऱ्या चिलरच्या पाण्याचं काय? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी हे मशीन असतं तर?

क्रायो_सर्व्हिस | मंगळवार, रात्री ९:३०

कोल्डहेडच्या कंप्रेसरला सहा-सात किलोवॅट, चोवीस तास. चिलरचे वेगळे.

चिलर एअर-कूल्ड घेतला तर पाणी बंद चक्रात फिरतं, खर्च जवळपास नाही. कूलिंग टॉवरचा मात्र घेऊ नका. खरी अडचण दुसरीच आहे. चिलर बंद पडला की कंप्रेसरला तात्पुरतं नळाचं पाणी द्यायची सोय बऱ्याच ठिकाणी करून ठेवतात. मोठ्या शहरातल्या ड्रॉइंगमध्ये ती लाईन असते आणि आपल्याकडची मंडळी तीच ड्रॉइंग वापरतात. आपल्याकडं नळाला पाणी आठ दिवसांनी येतं! त्या लाईनवर विसंबू नका, त्यासाठी वेगळी टाकी भरून ठेवा. आणि चिलरचं बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. ४४ अंशांत ते ट्रिप होतं ते दुपारी चारलाच. मी बघितलेल्या उन्हाळी बिघाडांतले निम्म्याहून जास्त तिथलेच.

मृण्मयी_अंबाजोगाई | मंगळवार, रात्री १०:१०

जरा वेगळा प्रश्न विचारते. आईची किडनी अधू आहे आणि डॉक्टर एमआरआय ‘कॉन्ट्रास्ट देऊन’ करायचं म्हणतात. ते इंजेक्शनही चुंबकाचंच असतं का? द्यावं का?

गोदाकाठ_रेडिओलॉजी | मंगळवार, रात्री १०:३५

@मृण्मयीताई, त्यात गॅडोलिनियम असतं. औषधातल्या त्याच्या आयनात (विद्युतभार असलेल्या अणूत) सात एकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे आजूबाजूच्या पाण्याचा सिग्नल लवकर पूर्ववत होतो आणि तो भाग उजळ दिसतो. नुसतं गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते दुसऱ्या रेणूच्या पकडीत घट्ट बांधून देतात. पकड सैल असलेल्या जुन्या औषधांनी किडनी निकामी झालेल्या काही पेशंटना त्वचा आणि अवयव कडक होण्याचा गंभीर आजार झाला होता. आताची चक्राकार पकडीची औषधं बरीच सुरक्षित आहेत. आईच्या किडनीचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनिन आणि ईजीएफआर या रक्ततपासण्यांचा ताजा रिपोर्ट घेऊन जा आणि रेडिओलॉजिस्टला आधीच सांगा. कॉन्ट्रास्टशिवाय भागतं का, तेही स्पष्ट विचारा. निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्या, इथं वाचून नको.

फेराइट_संशोधक | बुधवार, पहाटे १२:५०

कॉन्ट्रास्टचा विषय निघाला म्हणून. मी संभाजीनगरला विद्यापीठात फेराइटच्या, म्हणजे लोहाच्या चुंबकी ऑक्साइडच्या, नॅनोकणांवर पीएचडी करतेय. गॅडोलिनियमला पर्याय म्हणून लोहाच्या ऑक्साइडचे कण जगभर अभ्यासले जातात, कारण लोह शरीराला पचवता येतं. कण साधारण वीस नॅनोमीटरच्या आत असले की चुंबक जवळ असेपर्यंत ते चुंबकासारखे वागतात, दूर नेलं की चुंबकत्व सोडून देतात. त्यामुळे रक्तात एकमेकांना चिकटून गुठळी होत नाही.

आम्ही ते सोल-जेलनं बनवतो. नायट्रेटची मिठं आणि सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून हॉटप्लेटवर आटवत न्यायचं. तपकिरी, मधासारखा जेल होतो, फुगतो, आणि एका कडेला ठिणगी पडली की काही सेकंदांत सगळा जेल आतल्या आत पेटत जातो. बीकरमध्ये उरते ती हलकी, काळी, पोकळ राख. तीच आमची फेराइट. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला कळलं की मला हेच करायचंय.

याच कणांना बाहेरून उलटसुलट होणारं क्षेत्र दिलं की ते तापतात. गाठीत भरून ४२-४५ अंशांपर्यंत तापवलं की कर्करोगाच्या पेशी रेडिएशनला लवकर दाद देतात. युरोपात मेंदूच्या गाठींसाठी या उपचाराला २०१० मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडं मराठवाड्यातल्या कितीतरी कॉलेजांत फेराइटवर काम चालतं, पण ते कण पुढं दवाखान्यापर्यंत नेणारी साखळीच नाही. जैविक चाचणीसाठी नमुने पुण्या-मुंबईला पाठवायचे आणि वाट बघत बसायचं. हे बदलायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

भौतिक_परभणी | बुधवार, सकाळी ६:५५

@फेराइट_संशोधक, शाब्बास पोरी. असं लिहीत राहा.

परभणीला पस्तीसेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. धागा फक्त ०.३ की १.५ एवढ्यावरच अडकलाय, म्हणून तिसरी वाट दाखवतो. क्लाउस हालबाख नावाच्या शास्त्रज्ञानं बर्कलीत १९८० च्या सुमारास चुंबकांची अशी मांडणी अभ्यासली की प्रत्येक तुकड्याची दिशा ठरावीक कोनानं फिरवत नेली की सगळं क्षेत्र नळीच्या आत गोळा होतं आणि बाहेर जवळपास शून्य. क्षेत्र फिरवून आणणारं लोखंडाचं जड जू (चौकट) लागतच नाही. हॉलंडमधल्या लायडनच्या मंडळींनी बारा मिलीमीटरच्या सुमारे तीन हजार निओडिमियम ठोकळ्यांतून डोक्यापुरतं असं चुंबक केलं, ताकद फक्त ०.०५ टेस्ला. तसं यंत्र युगांडातल्या म्बरारा विद्यापीठात स्थानिक लोकांनी हातानं जोडलं. उद्देश काय, तर डोक्यात पाणी साठलेल्या तान्ह्या बाळांची तपासणी. तिथं त्यांना बारीक तपशील नको, पाणी किती साठलंय एवढंच बघायचंय. अमेरिकेत २०२० मध्ये ०.०६४ टेस्लाच्या चाकांवरच्या मशीनलाही परवानगी मिळाली, ते पेशंटच्या खाटेजवळ नेऊन साध्या प्लगवर चालतं.

उदगीरला आज हे घ्या असं मी म्हणत नाही. पण मराठवाड्यात इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, वाळूज-शेंद्र्याला चुंबकं हाताळणारे कसबी हात आहेत, आणि ही मुलगी कण बनवते. लायडनच्या त्या चुंबकाचं ड्रॉइंग सगळ्यांना खुलं आहे. आपल्या पोरांनी एक तरी चुंबक जोडून पाहावं.

शेंद्रा_मॅग्नेट | बुधवार, सकाळी ९:१०

सर, जोडायला आवडेल. फक्त विद्यार्थ्यांच्या हातात मोठे ठोकळे देऊ नका. दोन ठोकळे एकमेकांवर आदळले की काचेसारखे फुटतात आणि बोट मध्ये सापडलं तर चेंदामेंदा. बारा मिलीमीटरचे चालतील, साचा प्लॅस्टिकचा आणि गॉगल घालून.

मालाचं मात्र बघावं लागेल. चीननं एप्रिल २०२५ मध्ये समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम धरून सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि आमच्याकडं मोटरवाल्यांची धावपळ उडाली. एमआरआयचं चुंबक गार खोलीत असतं, त्यामुळे उष्णता सोसण्यासाठी मिसळतात ते डिस्प्रोसियम त्यात फार लागत नाही, ही जमेची बाजू.

सुनीलदा_बीड | बुधवार, दुपारी १:००

आणि ते सात लिटर हेलियमवालं नवीन मशीन? त्याबद्दल कुणीच काही बोलंना. तेच घ्या की.

क्रायो_सर्व्हिस | बुधवार, दुपारी ३:४०

@सुनीलदा, चांगला मुद्दा. फिलिप्सनं २०१८ मध्ये सात लिटरचं, पूर्ण सीलबंद १.५ टेस्ला आणलं. सीमेन्सचं २०२० चं ०.५५ टेस्लाचं तर एक लिटरहूनही कमी हेलियमवर चालतं, बोगदाही ८० सेंटीमीटर रुंद. हेलियम उडून जायची भीती नाही, छपरावरून मोठी पाईप काढायची गरज नाही.

पण उदगीरसाठी एक विचार करा. दीड हजार लिटरचं चुंबक म्हणजे भरलेला रांजण, सात लिटरचं म्हणजे तांब्या. कोल्डहेड बंद पडलं तर रांजण दिवसचे दिवस तग धरतो, हेलियम थोडं थोडं उडत राहतं. तांब्याचा हिशेब तासांचा. मग मशीन क्षेत्र आपणहून उतरवतं आणि वीज आल्यावर पुन्हा गार करून चढवावं लागतं. चुंबकाचं नुकसान नाही, पण तितका काळ पेशंट परत. बॅकअप पक्का असेल तर सीलबंद मशीन उत्तमच. पैसे असतील तर मी तेच सुचवीन.

स्वदेशीचीही बातमी सांगतो. मुंबईच्या समीर संस्थेच्या पुढाकारानं १.५ टेस्लाचं भारतीय मशीन तयार होतंय, त्याच्या चुंबकाचं काम दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरनं केलंय. ते बाजारात येईपर्यंत उदगीरला थांबता येणार नाही, पण पुढच्या तालुक्यांना उपयोग होईल.

किनवटचा_माणूस | बुधवार, सायंकाळी ७:२०

तालुक्याच्या यादीत आमचं नाव वर लिहा साहेब.

उदगीरकर | रविवार, सकाळी ११:०५

काल समितीची बैठक झाली. हा धागा छापून नेला होता, डॉक्टरांनी पूर्ण वाचला. ०.३ चं कोटेशन बाजूला ठेवलं. दोन कारणांनी: मणक्याच्या क्षयाबद्दल मॅडमनी लिहिलं ते, आणि एसी बंद पडल्यावर चुंबक सावरायला लागणारा वेळ. सीलबंद नवं मशीन ट्रस्टच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून १.५ टेस्ला, रीफर्बिश्ड, तळमजल्यावर.

माझ्या बाजूनं आखणी अशी: कोल्डहेड कंप्रेसर आणि चिलर यांना मशीनपासून वेगळा फीडर (वीजलाईन), त्यांच्यासाठी स्वतंत्र छोटा डीजी (डिझेल जनरेटर), ऑटो-स्टार्ट, आणि कंप्रेसर बंद पडला की माझ्या आणि इन्चार्जच्या फोनवर मेसेज. मोठा डीजी फक्त स्कॅनिंगसाठी. चिलरचं युनिट उत्तरेला, वर पत्रा. नळाच्या लाईनऐवजी पाच हजार लिटरची टाकी. कराराची अट अशी घातली की हेलियमची पातळी आणि कोल्डहेडचे चालू तास लिहून दिल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

एक प्रश्न उरलाय. क्वेंच पाईप, म्हणजे चुंबकाचा गारवा अचानक गेला (क्वेंच झाला) की उकळलेलं हेलियम बाहेर सोडणारी पाईप. रुग्णालयाच्या मागं नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह आहे, त्यांची गच्ची आमच्या गच्चीपेक्षा फक्त एक मजला वर. पाईप कुठं काढावी?

क्रायो_सर्व्हिस | रविवार, दुपारी १२:३०

फीडरची आखणी एक नंबर. मोठमोठ्या शहरातसुद्धा इतकी बघायला मिळत नाही.

पाईप वसतिगृहाच्या बाजूला अजिबात नको. क्वेंच झाला तर एक लिटर हेलियमचा सुमारे साडेसातशे लिटर वायू होतो, तोही अतिशीत, आणि जिथं साचेल तिथला ऑक्सिजन ढकलून देतो. तोंड समोरच्या रस्त्याच्या बाजूला न्या आणि वसतिगृहाच्या गच्चीहूनही वर. एसीच्या किंवा खिडक्यांच्या हवेच्या वाटेत यायला नको. तोंडाला पावसाची टोपी आणि जाळी हवीच, कबुतरं घरटं करतात आणि ते वर्षभर कुणाला दिसत नाही. दर पावसाळ्याआधी वर चढून बघायचं काम एका माणसाच्या नावानं लिहून ठेवा. खोलीत ऑक्सिजन मॉनिटर लावा आणि दार बाहेर उघडणारं ठेवा.

वळणं जितकी कमी तितकं बरं, प्रत्येक वळणानं आतला दाब वाढतो. किती मीटर लांबी, किती बेंड, व्यास काय, ते ड्रॉइंग इथं टाका. कंपनीच्या तक्त्याशी ताडून सांगतो, मग सिव्हिलवाल्याला भोक पाडायला सांगा.